रान, रेंज आणि राजकारण

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॉटचं, महानिर्मितीच्या केंद्रांमधलं सर्वांत मोठं. इथून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची उच्चदाब वाहिनी 1999 पासून चालू आहे. तिच्यातून 1,500 मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या दारात जाऊन पोचते. मुंबई-ठाण्यातले सर्व्हर ज्या विजेवर चालतात, तिच्यात चंद्रपूरचा कोळसा आहे. राख मात्र चंद्रपुरातच राहते.

त्याच चंद्रपुरातून बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली करत भामरागडकडे निघालं की मोबाइलवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ता बंद होतो. मग वीज जाते आणि विजेमागे नेटवर्कही. तहसील कार्यालयातला संगणक, सेवा केंद्रातला प्रिंटर, अंगणवाडी सेविकेचा मोबाइल, सगळं शोभेचं होऊन बसतं. अशा मुलखात कुणाला संगणकाचं वेड लागलं, तर त्याचा दिवस कसा जातो आणि तंत्रज्ञानाबद्दल, सरकारबद्दल त्याची मतं काय होतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

असा संगणकवेडा इथल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असतंच, कारण सरकारी नोकरीच्या अर्जात ते लागतं. 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने हा अभ्यासक्रम गावोगाव नेला आणि माउस पहिल्यांदा हातात धरणाऱ्या विदर्भातल्या एका अख्ख्या पिढीने त्याची फी भरली. पण वेड प्रमाणपत्राने लागत नाही. ते लागतं बंद पडलेला जुना संगणक उघडून पाहण्यातून, पायरेटेड विंडोजला कंटाळून उबंटू टाकून बघण्यातून आणि कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडताच त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी का होते, या प्रश्नाच्या मागे लागण्यातून. युनिकोड विरुद्ध कृतिदेव या वादात तो तासभर बोलू शकतो. शहरात ही हौस हौसच राहते. इथे मात्र लोकांना कळायचा अवकाश, की याला कॉम्प्युटर समजतो; त्याच्या दाराशी माणसं कागद घेऊन उभी राहतात.

कागद कसले? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात सुनेचं नाव, पीक विमा, शिष्यवृत्ती, लाडक्या बहिणीची केवायसी. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै 2024 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिला ई-केवायसी जोडली गेली. ती करताना बाईच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही येतो. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असेल आणि फोन त्याच्यासोबत गेला असेल, तर ओटीपी तिकडे पोचतो, बाई इकडे काउंटरपाशी बसून राहते. दिवसभर ऐकू येणारी वाक्यं ठरलेली आहेत: लिंक नाही, साइट चालत नाही, अंगठा लागत नाही, उद्या या. यांतलं एकही वाक्य त्या पोराने बनवलेलं नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र तोच असतो, म्हणून शिव्याही त्यालाच.

या कामाला सरकारने एक पदही दिलं, निदान नाव तरी दिलं. 2011 मध्ये 'संग्राम' म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प आला आणि ग्रामपंचायतींमध्ये संगणक परिचालक बसले. पुढे संग्राम गेलं, 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं. पाटी बदलली, खुर्चीतला माणूस तोच राहिला. तो ना शासनाचा कर्मचारी, ना ग्रामपंचायतीचा. मधल्या कंपनीमार्फत मिळणाऱ्या मानधनावर काम करणारा. हे मानधन कित्येक वर्षं सात हजारांच्या आसपास होतं आणि तेही महिनोनमहिने थकायचं. मग हेच परिचालक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चे नेत, मुंबईत आझाद मैदानावर बसत. राज्याचा 'डिजिटल' कारभार ज्यांच्या बोटांवर चालतो, त्यांना आपली मागणी सांगायला पायी चालत जावं लागतं, याची गंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार? 2024 मध्ये मानधन तीन हजारांनी वाढलं. आकृतिबंधात घेऊन कायम करा, ही मूळ मागणी आहे तिथेच आहे.

राजकारणावरची त्यांची मतं इथूनच तयार होतात. कुठल्या पक्षाचा झेंडा, हा प्रश्न मागाहून येतो. आधी प्रश्न असतो, हे ॲप कुणाला विचारून बनवलं?

राग येण्यासारखी उदाहरणं भरपूर आहेत. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो काढून एनएमएमएस या ॲपवर हजेरी लावणं 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं. हजेरीतला भ्रष्टाचार थांबवणं हा त्यामागचा हेतू. एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातल्या आडगावात ग्रामरोजगार सेवक फोटो काढतो तेव्हा रेंज नसते; रेंज येते तेव्हा मजूर घरी गेलेले असतात. फोटो चढला नाही तर मजुरी अडते, आणि माती खोदलेली असते ती असतेच. आता गंमत पाहा. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं, की या ॲपवर भलतेच फोटो, फोटोंचे फोटो, तेच ते मजूर अनेक हजेरीपटांवर चढवले जात आहेत. म्हणजे चोराला वाट सापडली आणि जी खरंच घाम गाळते तिचा दिवस बुडाला. संगणकाची थोडीशी समज असलेला कुणीही हे पहिल्याच दिवशी सांगू शकला असता. फोटोचा फोटो काढता येतो, हे समजायला अभियंता लागत नाही.

अंगणवाडी सेविकांनी तर राग कृतीत उतरवला. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे केंद्राचं ॲप आलं. सेविकांना आधीच दिलेले मोबाइल जुने आणि तुटपुंज्या क्षमतेचे, ॲपची भाषा इंग्रजी. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. भारतातल्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात वापरणाऱ्यांनी यंत्र संघटितपणे परत करण्याचे प्रसंग फार नसतील. हा प्रसंग महाराष्ट्रात घडला, तो घडवला गावातल्या बायकांनी, आणि त्यावर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही. पुढे 2025 मध्ये घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची अटही आली. गरोदर बाईचा चेहरा यंत्राला पटला, तर शिधा.

शेतकऱ्याकडे येऊ. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पेरा स्वतः नोंदवायचा. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने ओसरीवर बसून लिहिलेल्या पेऱ्यापेक्षा शेतकऱ्याने बांधावरून केलेली नोंद केव्हाही बरी. इथला संगणकवेडा या ॲपला मनापासून दाद देतो, पण एक गोष्ट विचारतो: धानाच्या बांधीत रेंज नसेल, फोन साधा असेल आणि मुदत संपत आली असेल, तर भरपाई नाकारताना चूक कुणाची धरणार?

गडचिरोलीत रेंज का नाही, याचं एक उत्तर लोकसंख्येत आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 10,72,942. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम 74 माणसं. एवढ्या विरळ गिऱ्हाइकीसाठी जंगलात टॉवर उभा करणं खासगी कंपनीच्या हिशेबात बसत नाही. दुसरं उत्तर बंदुकीचं आहे. माओवाद्यांनी टॉवर ही सत्तेची खूण मानली, पोलिसांच्या खबरीचं साधन मानलं आणि ते जाळले. सरकारनेही टॉवरकडे बऱ्याच अंशी सुरक्षेच्या नजरेतूनच पाहिलं. 2014 मध्ये दहा राज्यांतल्या नक्षलग्रस्त भागासाठी 2,199 टॉवरची योजना मंजूर झाली, एप्रिल 2022 मध्ये अशा 2,343 ठिकाणी फोर-जी देण्याचा निर्णय झाला. कित्येक ठिकाणी पोलीस ठाणं आधी आलं आणि त्याच्या आसऱ्याने टॉवर. दाखल्यांचं कामही काही ठिकाणी 'पोलीस दादालोरा खिडकी'मधून होऊ लागलं. गावकऱ्याचा दाखला निघाला हे चांगलंच, पण तो महसूल खात्याच्या खिडकीऐवजी पोलिसांच्या खिडकीतून निघावा लागला, यात नागरी प्रशासनाने मिरवण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर 'नक्षल्यांमुळे नेटवर्क नाही' या सबबीत फारसा दम उरलेला नाही. यापुढे रेंज नसेल तर ते पैशाचं आणि इच्छेचं कारण असेल.

संगणकावर प्रेम करणाऱ्याला इथे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही: हार्ड डिस्कसुद्धा माणसाला आरोपी करू शकते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी दोषी ठरवलं. खटल्याचा मोठा भार पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, मेमरी चिप यांतल्या पुराव्यावर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 5 मार्च 2024 रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली. जप्ती आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा कायद्याच्या कसोटीला उतरला नाही, हे त्या निकालाचं एक अंग. दुसरं अंग सामान्य वाचकाच्या जास्त जवळचं आहे: इंटरनेटवरून नक्षल विचारांचं साहित्य कुणी उतरवून घेतलं, अगदी त्या विचारांबद्दल त्याला सहानुभूती असली, तरी एवढ्यानेच गुन्हा होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सात महिन्यांनी, 12 ऑक्टोबर 2024 रोजी साईबाबा वारले. नव्वद टक्के अपंग असलेल्या माणसाने मधली बहुतेक वर्षं नागपूरच्या तुरुंगात काढली. माओवाद्यांच्या हिंसेने इथली किती घरं उजाडली हे गडचिरोलीकरांना कुणी सांगायला नको. पण पुरावा कसा जपायचा, पेन ड्राइव्ह मोहोरबंद कसा करायचा, हे कोर्टात सिद्ध करता आलं नाही तर शिक्षा टिकत नाही, हेही तितकंच खरं.

ताडोब्यात तंत्रज्ञान वेगळ्या रूपात भेटतं. देशातल्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 जागी कॅमेरा ट्रॅप लावले गेले आणि 3 कोटी 48 लाखांवर फोटो जमा झाले. त्यांतल्या 76,651 फोटोंत वाघ होते. एवढे फोटो डोळ्यांनी चाळणं अशक्य, म्हणून पट्ट्यांवरून वाघ ओळखणारी संगणक प्रणाली वापरली गेली. ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावात 2023 च्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेची 'आभासी भिंत' उभी राहिली. गावाच्या वेशीवर कॅमेरे. वाघ किंवा बिबट दिसला की यंत्र तो ओळखतं आणि गावाला सावध करतं. हे तंत्र इथल्या पोरांना आवडतं, आणि आवडावं असंच आहे. यात माणसाला स्वतःला सिद्ध करावं लागत नाही. ओळख पटवायची ती वाघाची.

तरी भिंत गावापुरतीच असते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. त्या जंगलात होत्या, पोटासाठी. जंगलात कॅमेरे वाढवण्याची दुसरी बाजूही जाणती पोरं बोलून दाखवतात. कॉर्बेटमध्ये झालेला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास सांगतो, की वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांची आणि ड्रोनची बायकांना धास्ती बसली. त्या मोकळेपणी बोलेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या. जंगलात मोठ्याने बोलणं, गाणं ही जनावराला दूर ठेवण्याची जुनी रीत. कॅमेऱ्याच्या धाकाने तीच गेली तर धोका वाढतो.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की या जिल्ह्यांत तंत्रज्ञान म्हणजे नुसता ताप. तसं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देणारं, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे राज्यभर ओळख झालेलं हे गाव. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हक्क मान्य झाला. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांनी दावे केले. आज सामूहिक वनहक्काच्या बाबतीत हा जिल्हा देशात आघाडीवर मानला जातो.

दाव्याचं काम कसं होतं, ते संगणकवेड्याला विचारावं. जुनं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद, शोधायचं. गावातली म्हातारी माणसं पुढे चालतात: हा मोह आपल्या शिवेवरचा, हा नाला त्यांचा, तिथे पेन ठाणा म्हणजे देवाची जागा. मागून पोरं जीपीएस यंत्र घेऊन वळणावळणावर बिंदू टिपत जातात. संध्याकाळी ते बिंदू संगणकावर जोडले की गावाच्या जंगलाचा नकाशा दिसू लागतो. शेजारच्या गावाला दाखवून हद्द पक्की करायची, मग ग्रामसभेचा ठराव. म्हाताऱ्याची आठवण आणि पोराचं यंत्र एका कामाला जुंपल्याचं असं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. इथे यंत्र गावाच्या हातात आहे, नकाशाची प्रत गावाकडे आहे आणि चूक झाली तर पुन्हा चालत जाऊन दुरुस्त करता येते.

याच वनहक्क कायद्याच्या नियमांत 2012 साली एक दुरुस्ती झाली. नियम 12-अ च्या अकराव्या पोटनियमाचा आशय असा, की उपग्रहाची छायाचित्रं आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, पण इतर पुराव्याची जागा त्याला घेता येणार नाही. हे कागदावरचं शब्दलालित्य नव्हे. गुजरातेत उपग्रह चित्रात शेत दिसत नाही म्हणून हजारो दावे फेटाळले गेले होते. ते प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं आणि 2013 मध्ये न्यायालयाने दावे पुन्हा तपासायला लावले. ढग, झाडांची सावली, चुकलेला मोसम, या कारणांनी आकाशातून शेत दिसत नाही. जमिनीवर ते असतंच.

भाषेच्या बाबतीत तंत्रज्ञानाचं चित्र संमिश्र आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळजवळ 30 लाख. मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे ही अक्षरं संगणकाला कायमची माहीत झाली. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप चाचणी रूपात आणलं, त्यात छत्तीसगडची गोंडी आहे. धानोऱ्याची गोंडी वेगळी, भामरागडची माडिया त्याहून वेगळी. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने ती बेकायदा ठरवली. एक मंत्रालय यंत्राला गोंडी शिकवतं आहे आणि मुलांना गोंडीतून शिकवणाऱ्या गावाला दुसऱ्या खात्याची नोटीस येते. यावर इथली शिकलेली पोरं काय म्हणतात, ते छापण्याजोगं नसतं.

या पोरांचं तंत्रज्ञानाशी भांडण नाही. जगात सगळ्यात आधी नवं ॲप उतरवून घेणारी तीच. त्यांचा आक्षेप ॲपला शेवटचा शब्द देण्यावर आहे. वनहक्काच्या नियमाने जे उपग्रहाला सांगितलं, तेच एनएमएमएसला, पोषण ट्रॅकरला, अंगठ्याच्या यंत्राला, ई-केवायसीला सांगायला काय हरकत आहे? यंत्राने नोंद करावी, मदत करावी. ते चाललं नाही तर ग्रामरोजगार सेवकाची वही, अंगणवाडीची नोंदवही आणि ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा, आणि मजुरी, आहार, शिधा त्या दिवशीच द्यावा. यासाठी नवं तंत्रज्ञान नको, प्रत्येक योजनेच्या नियमांत एका ओळीची भर पुरे.

ही मागणी करायला मुंबईला जाण्याचीही गरज नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. गावातला कुणीही मतदार उभा राहून असा ठराव मांडू शकतो, आणि तो टाइप करून द्यायला संगणक परिचालक तिथे बसलेलाच असतो.